‘आईला फक्त मुका मार आहे’ : ट्रेलरच्या धडकेनंतर घरी आलेल्या दोघांची काळजी

प्रश्न नाशिकच्या अंबड लिंक रोडला राहणाऱ्या एका मुलीचा आहे. तिचे आई-वडील दोघंही अंबड एमआयडीसीत कामाला. पहिल्या पाळीला निघालेले, बाबा सायकल चालवत होते आणि आई मागे कॅरिअरवर बसली होती. डावीकडे वळणाऱ्या ट्रेलरने दोघांना पाडलं. बाबांचं (वय ५६) ओटीपोटाचं हाड मोडलं, त्याला प्लेट घातली. उजव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, तिथे बाहेरून सळ्यांची फ्रेम लावली आणि मांडीची कातडी काढून जखमेवर लावली. अठरा दिवसांनी डिस्चार्ज मिळाला, त्याला आता चार दिवस झालेत. ती विचारते, घरी काय काळजी घ्यायची, किती वेळा दाखवायला न्यायचं, बाबा कामावर कधी जातील? आणि शेवटी एक ओळ आहे: ‘आईला (४९) फक्त मुका मार आहे, एक्स-रे नॉर्मल आला म्हणून त्याच दिवशी सोडलं. मांडीला अजून सूज आहे, पण ती म्हणते आधी बाबांचं बघा.’

मी उत्तर आईपासून सुरू करते. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ मला ती शेवटचीच वाटली.

बाबांना काय झालंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या कार्डावर ड्रेसिंगच्या, एक्स-रेच्या तारखा आहेत, नातेवाईक त्यांनाच भेटायला येतात. आईच्या कागदावर पुढची एकही तारीख नसणार. अवजड गाडी आणि सायकलच्या अपघातात मागे बसलेल्या माणसाचं हे असं वारंवार होतं. चालवणारा जास्त जखमी, सगळी धावपळ त्याच्यामागे. मागचा माणूस उठून उभा राहिला, चालला, बोलला की तो ‘ठीक आहे’ ठरतो आणि संध्याकाळी तोच डबा घेऊन वॉर्डात उभा असतो.

हा अपघात घडतो कसा ते समजून घ्या, म्हणजे मी आईच्या मांडीवर का अडून बसले आहे ते कळेल. वळताना ट्रेलरचा वेग फारसा नसतो. पुढचा भाग मोठं वळण घेतो, पण मागची चाकं आतल्या बाजूने, लहान वर्तुळात येतात आणि डावीकडे असलेल्या सायकलवाल्याला कडेला दाबत जातात. ड्रायव्हरला त्या कोपऱ्यातली सायकल आरशात दिसत नाही. कॅरिअरवर डावीकडे पाय सोडून बसलेल्या बाईची पाठ गाडीकडे असते, त्यामुळे तिलाही काही दिसत नाही आणि सावरायला क्षणभरही मिळत नाही. चाक अंगावरून गेलं नाही तरी टायर आणि डांबर यांच्यामध्ये मांडी, खुबा किंवा कंबर ओढली जाते. हा मार ठोसा लागल्यासारखा सरळ नसतो, तो पिळून खेचणारा असतो. अशा वेळी वरची कातडी शाबूत राहते, हाड शाबूत राहतं, पण कातडी आणि तिच्याखालची चरबी स्नायूवरच्या पडद्यापासून सुटून येते, संत्र्याची साल फोडींपासून सुटावी तशी. मध्ये जी पोकळी होते तिच्यात रक्त, लसीका (शरीरातला पाण्यासारखा द्रव) आणि विरघळलेली चरबी साठत जाते. एकोणिसाव्या शतकात मोरेल-लावाले या फ्रेंच शल्यचिकित्सकाने याचं वर्णन केलं, म्हणून आम्ही याला त्याच्याच नावाने ओळखतो. साध्या एक्स-रेत हे ओळखू येत नाही. पहिल्या दिवशी नुसता मार लागल्यासारखंच दिसतं, फुगवटा कधी काही दिवसांनी तर कधी काही आठवड्यांनी लक्षात येतो.

अपघाताला तीन आठवडे झालेत. साध्या मुक्या माराची सूज एव्हाना बरीच उतरायला हवी. म्हणून आजच, दार लावून, आईला पलंगावर झोपवा आणि दोन्ही मांड्या शेजारी शेजारी बघा. साडीवरून बघू नका. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून २० सेंटिमीटर वर दोन्ही पायांना पेनाने खूण करा आणि शिंप्याच्या टेपने तिथला घेर मोजून लिहून ठेवा. मग सुजेच्या एका बाजूला एका हाताची बोटं नुसती टेकवा आणि दुसऱ्या बाजूने हलकंच दाबा. आत पाण्याची पिशवी असल्यासारखी लाट बोटांना लागते का? कातडी खालच्या मांसावरून जरुरीपेक्षा जास्त सरकते का? कापसाचा बोळा फिरवला तर तिथे कमी कळतं किंवा बधिर वाटतं का? रंग काळपट होतोय का? यातलं एक जरी ‘हो’ असलं तरी दोन दिवसांच्या आत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ‘ट्रेलरखाली पाय ओढला गेला होता’ हे शब्द स्वतःहून सांगा. नाहीतर समोरच्याला साधं पडणंच वाटतं. सोनोग्राफीत आतला द्रव दिसतो, नेमकी व्याप्ती एमआरआयमध्ये कळते. लाट लागली नाही तरीही, तीन आठवड्यांनी सूज टिकून आहे एवढं कारण दाखवायला पुरेसं आहे. त्याच आठवड्यात जा.

लवकर गेलं तर पुष्कळदा सुईने द्रव काढणं आणि घट्ट दाबपट्टी यावर भागतं. ५० मिलीपेक्षा जास्त द्रव निघाला तर तो परत भरण्याची शक्यता जास्त असते, मग छोट्या छेदातून पोकळी धुवून नळी ठेवावी लागते. महिनोन्महिने तसंच राहिलं तर पोकळीला स्वतःचं अस्तर तयार होतं, ते काढायला मोठं ऑपरेशन लागतं. त्यात जंतू गेले तर ताप, पू, आणि वरची कातडी काळी पडून गळणं. हे सगळं टाळता येण्यासारखं आहे आणि आत्ताच टाळता येईल.

तोवर त्या मांडीला तेल लावून चोळायचं नाही. शेक नको, लेप नको, मालिशवाल्या मावशी नकोत. चोळल्याने सुटलेली कातडी आणखी सुटते. घरी स्वतःच्या मनाने सुई घालून पाणी काढून घेण्याचा सल्ला कुणी कंपाउंडर देईल, तोही नको.

आईच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी विचारा. ती मागे पडताना ढुंगणावर आदळली होती का? तसं असेल आणि उठता-बसता पाठीच्या मध्यभागी किंवा कमरेच्या वर दुखत असेल तर मणक्याचा एक्स-रे काढून घ्या. मणका दबला असला तरी माणूस चालत राहतो. आणि डोकं आपटलं होतं का? डोक्यात सावकाश साठणारं रक्त कित्येकदा दोन-तीन आठवडे उलटल्यावर त्रास देतं. रोज वाढणारी डोकेदुखी, दिवसा झोप येणं, बोलण्यात अडखळणं, एका बाजूचा हात किंवा पाय ओढल्यासारखा वाटणं, वागण्यात फरक पडणं. यातलं काही दिसलं तर पहिला सीटी स्कॅन नॉर्मल होता या भरवशावर थांबू नका, त्याच दिवशी पुन्हा स्कॅन करा. हे बाबांनाही तितकंच लागू आहे. त्यांना रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शनं चालू असतील तर जास्तच.

आणि एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. बाबांना उचलणं, बेडपॅन देणं, पाणी भरणं हे सगळं सध्या आईच करत असणार. तिची मांडी दाखवून होईपर्यंत तिने बाबांना उचलायचं नाही. भाऊ, शेजारी, दिवसाची बाई, जे जमेल ते करा. बाबांच्या कमरेखाली दुहेरी घडीची एक आडवी चादर कायम अंथरून ठेवा आणि दोन बाजूंनी दोघांनी ती धरून त्यांना सरकवा. काखेत हात घालून ओढलं तर त्यांचं ओटीपोट दुखतं आणि ओढणाऱ्याची कंबर जाते.

आता बाबा.

फ्रेमच्या सळ्या जिथे कातडीत शिरतात ती प्रत्येक जागा म्हणजे हाडापर्यंत जाणारी उघडी वाट आहे. तिची काळजी किचकट नाही, पण रोज घ्यावी लागते. साबणाने हात धुवा, उकळून गार केलेलं पाणी किंवा सलाईन घ्या, प्रत्येक सळीला वेगळं गॉज वापरा, आतून बाहेरच्या दिशेने पुसा, सुकलेली खपली ओली करून काढा, मग कोरडं करा. एका सळीचं गॉज दुसरीला लावायचं नाही. हॉस्पिटलने एखादं औषध लिहून दिलं असेल तर तेच वापरा. हळद, पावडर, तेल, तूप यातलं काहीही तिथे जाता कामा नये. थोडं पाण्यासारखं ओलं राहणं चालतं. सळीभोवती लाली पसरत गेली, घट्ट पिवळं येऊ लागलं, वास आला, सळी हलवल्यासारखी दुखू लागली किंवा खरंच सैल लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी दाखवा. फ्रेमचे नट घरी कुणीही पिळायचे नाहीत.

त्या पायाचं पाऊल कसं आहे ते आज बघा. फ्रेम लावलेला माणूस अंथरुणात पडला की पाऊल बॅलेवालीसारखं खाली झुकतं आणि काही आठवड्यांत तसंच आखडतं. मग नडगी जुळली तरी टाच जमिनीला लागत नाही आणि माणूस वर्षभर लंगडतो. पाऊल नडगीशी काटकोनात राहिलं पाहिजे. त्यासाठी तळव्याखालून रुंद पट्टी घेऊन फ्रेमला बांधता येते, फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट बांधून घ्या. दिवसातून चार-पाच वेळा बोटं आणि घोटा वर-खाली हलवणं, गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवून मांडी कडक करून दहापर्यंत मोजणं, एवढं तर पहिल्या दिवसापासून व्हायला हवं. दुखतं म्हणून बाबा टाळतील. वेदनेची लिहून दिलेली गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम करवून घ्या, म्हणजे भांडण होणार नाही.

उशी गुडघ्याखाली ठेवायची सवय असेल तर ती बदला. उशी पोटरीखाली, लांबसर ठेवा, म्हणजे टाच हवेत तरंगेल. टाचा आणि माकडहाड या दोन जागा दिवसातून दोनदा मोबाइलच्या उजेडात बघायच्या. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर दाब कमी करून चालेल. दाबूनही लालच राहिला तर ती चिघळण्याची सुरुवात आहे. दर दोन तासांनी कूस थोडी बदलत राहा, पाठीमागे उशी लावून कलतं ठेवलं तरी पुरतं. कोणत्या बाजूला किती वळवायचं हे प्लेट घालणाऱ्या डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. हवेची गादी भाड्याने मिळते, ती घ्या.

पायावर भार किती द्यायचा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘थोडंसं टेकवू दे’ असं म्हणून कुणी उभं करतं, तर कुणी महिनोन्महिने हलूच देत नाही. ओटीपोटाच्या अशा फ्रॅक्चरनंतर भार साधारण ६ ते १२ आठवडे बंद किंवा मर्यादित असतो, नडगीचा हिशेब वेगळा. डॉक्टरांना नेमकं विचारा: उजवा पाय अजिबात टेकवायचा नाही, नुसता टेकवायचा, की अर्धा भार? डाव्यावर पूर्ण चालेल का? उत्तर कार्डावर लिहून घ्या. तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर दाखवायला न्यायच्या दिवशी हात असलेल्या घट्ट खुर्चीत बसवून, पुढे-मागे मिळून निदान तिघांनी उतरवा, पाठ जिन्याच्या वरच्या बाजूला ठेवून. पाठीवर घेऊन उतरवू नका. ड्रेसिंगसाठी दर वेळी खाली आणण्याऐवजी प्रशिक्षित सिस्टर घरी आली तर खर्च बहुधा रिक्षा आणि माणसांच्या खाड्यापेक्षा कमीच पडतो.

पायाच्या आतल्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होणं हा ओटीपोटाच्या फ्रॅक्चरनंतरचा खरा धोका आहे आणि तो घरी आल्यावरही टिकतो. पोटावर द्यायची इंजेक्शनं किंवा गोळ्या लिहून दिल्या असतील तर डोस चुकवू नका आणि ‘आता बरं आहे’ म्हणून बंद करू नका. पुष्कळदा हे एकूण चार-पाच आठवडे चालतं. एक पोटरी अचानक जास्त सुजली, ताठ आणि गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि इथेही चोळणं पूर्ण बंद. एकाएकी धाप, छातीत कळ, चक्कर, खोकल्यातून रक्त आलं तर १०८ ला फोन. रिक्षा शोधत बसू नका.

लघवीबद्दल थोडं मोकळेपणाने लिहिते. ओटीपोटाचं हाड मोडतं तेव्हा मूत्रमार्गालाही इजा होऊ शकते. नळी काढल्यावर सुरुवातीला सगळं ठीक वाटतं, पण काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मार्ग आकसतो. धार बारीक होणं, जोर लावावा लागणं, थेंबथेंब होणं, पोट भरल्यासारखं राहणं, हे वयाचं आहे असं बाबा म्हणतील. तसं मानू नका, मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवा. याच इजेनंतर लैंगिक अडचणीही येतात. बाबा हे तुमच्याशी बोलणार नाहीत आणि त्यांनी बोलावं अशी अपेक्षाही नको. दाखवायला जाल तेव्हा पाच मिनिटं त्यांना डॉक्टरांबरोबर एकटं सोडा, एवढंच करा. उपाय असतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

कातडी जिथून काढली ती मांडी आणि जिथे लावली ती नडगी, दोन्ही जागा खाजतील. भरून आल्यावर हलकं खोबरेल तेल लावायला हरकत नसते, पण डॉक्टरांनी ‘भरली’ म्हटल्यावरच. नवी कातडी उन्हापासून आणि घासण्यापासून जपा, ती लवकर सोलते.

आता तंबाखू. तुम्ही लिहिलं नाहीत, पण अंबड-सातपूरच्या कामगार वस्तीत मी विचारल्याशिवाय राहत नाही. बिडी, गुटखा, मळलेली तंबाखू, आईची मशेरी असेल तर तीही. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. उघड्या फ्रॅक्चरमध्ये हाडाभोवतीचा रक्तपुरवठा आधीच फाटलेला असतो, उरलासुरला असा आवळला तर हाड जुळत नाही आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. लावलेली कातडीही टिकत नाही. ‘चघळतो, ओढत नाही’ याने काही फरक पडत नाही, निकोटीन तेच. अंथरुणावरचा माणूस कंटाळ्याने जास्त खातो आणि भेटायला येणारे मित्रच पुडी देतात. मित्रांना दारातच सांगा. बाबांच्या हाडासाठी घरातून तुम्हाला करता येण्यासारखी याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही.

खाण्याचं म्हणाल तर पायासूप आणि डिंकाचे लाडू आवडत असतील तर द्या, पण जखम भरायला आणि हाड जुळायला मुख्यतः प्रथिनं लागतात. अंडी, डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, दही, मासे, चिकन, जे घरात चालतं ते दर जेवणात हवं. नुसती पेज आणि वरणाचं पाणी यावर रुग्णाला ठेवू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी विचारा. साखरेची तपासणी, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी, एकदा करून घ्या. आपल्याला मधुमेह आहे हे पुष्कळांना अपघातानंतरच कळतं. ड जीवनसत्त्वाचीही तपासणी सांगितली असेल तर टाळू नका. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतः वाढवत नेऊ नका, आठवडेच्या आठवडे घेतलेल्या त्या गोळ्या पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतात.

किती वेळा दाखवायचं? टाके आणि कातडीसाठी सुरुवातीला आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी, पहिला महत्त्वाचा एक्स-रे अपघातापासून साधारण ६ आठवड्यांनी, पुढे महिना-दीड महिन्याने. फ्रेम ही बहुधा शेवटची पायरी नसते. जखम शांत झाली की फ्रेम काढून आत रॉड घालायचा, की प्लास्टर, की फ्रेमवरच हाड जुळू द्यायचं, हा निर्णय पुढच्या काही भेटींत होईल. तो निर्णय होण्याआधी डॉक्टर बदलू नका. मत दुसऱ्याचं जरूर घ्या, सगळ्या फिल्म घेऊन. सिव्हिल म्हणजे त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय किंवा आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय यांच्या ओपीडीत ते कमी खर्चात घेता येईल. उघड्या फ्रॅक्चरची नडगी जुळायला सहा महिने लागणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे, त्याहून जास्त लागू शकतात. नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेत काहीच प्रगती नाही, तर हाड आपोआप जुळणार नाही असं समजून पुढचं ऑपरेशन ठरवायचं असतं. मध्ये कधीही जखमेतून पुन्हा पाझर सुरू झाला, विशेषतः बरी झालेली जागा पुन्हा फुटली, तर हाडात जंतू गेल्याची शंका घ्या. वरून मलम लावून ते बरं होत नाही.

झोपेबद्दल विचारा, दोघांच्याही. ट्रकचा हॉर्न ऐकून दचकणं, तोच प्रसंग स्वप्नात येणं, रस्ता ओलांडताना पाय थिजणं, हे पहिले काही आठवडे बहुतेकांना होतं. महिन्यानंतरही तसंच राहिलं किंवा वाढलं तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. बायका हे ‘भीती बसली’ म्हणून सोडून देतात, मग कामाला जाणंच बंद होतं. सायकल चालवणाऱ्याला ‘मीच हिला मागे बसवलं’ हे आत खात असतं. बाबा गप्प झाले असतील तर ते फक्त दुखण्याने असेल असं धरून चालू नका.

कागदांचं थोडक्यात, कारण उपचारांचा पैसा तिथूनच येतो. अपघातग्रस्तांसाठी केंद्राची ५ मे २०२५ पासूनची विनारोकड योजना दीड लाखापर्यंत आहे, पण ती अपघातापासून ७ दिवसांपुरती, म्हणजे तुमच्यासाठी ती मुदत संपली. पुढच्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय निवडता येईल, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आधी भेटा, ऑपरेशन झाल्यावर नाही. दोघांच्या पगारातून ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात होत असेल तर कामावर जाता-येता झालेला अपघात २०१० च्या दुरुस्तीनंतर कामावरची इजा धरला जाऊ शकतो, अपघाताची वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसला पाहिजे. मान्य झाला तर बिनपगारी दिवसांसाठी सरासरी वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो. ठेकेदाराकडे असाल तरी पगारपावती बघा. सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात चौकशी करा आणि कंपनीकडून अपघाताची नोंद लेखी करून घ्या. मोटार अपघाताच्या भरपाईच्या दाव्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, ती ओलांडू देऊ नका. वकिलाची फी परवडत नसेल तर महिला आणि औद्योगिक कामगार या दोघांनाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, क्रमांक १५१००.

इथेही आईचं विसरू नका. तिच्या पहिल्या दिवसाच्या कागदावर ‘मांडीला मार’ एवढंच असेल आणि दोन महिन्यांनी तिला ऑपरेशन लागलं, तर ते याच अपघातामुळे झालं हे दाखवणं कठीण जातं. म्हणून या आठवड्यात ती ज्या डॉक्टरांना दाखवेल त्यांच्याकडून अपघाताची तारीख, अपघात कसा झाला, आणि सुजेचं माप केसपेपरवर लिहून घ्या. पोलिसांच्या जबाबात तिचंही नाव जखमी म्हणून आहे ना, तेही एफआयआरची प्रत काढून तपासा. नसेल तर पुरवणी जबाब द्यायला सांगा. तिचा एक्स-रे, गोळ्यांची बिलं, बुडालेले रोज वेगळ्या पाकिटात ठेवा, बाबांच्या फाइलमध्ये मिसळू नका.

कामावर कधी? आईचं तिची मांडी बघितल्यावर ठरेल. दाबपट्टी असेल तोवर उभ्याचं पॅकिंगचं काम नको, बसून करायचं काम मिळतंय का ते सुपरवायझरशी आत्ताच बोलून ठेवा. बाबांच्या बाबतीत आठ-नऊ महिन्यांचा हिशेब धरा आणि घरखर्च त्याप्रमाणे ठरवा. मशीनवर उभं राहण्यासाठी फक्त हाड जुळून भागत नाही. काठीशिवाय दोन जिने चढता-उतरता येणं, त्या पायावर तोल सांभाळून उभं राहता येणं आणि घोटा पुरता वर येणं, या तीन गोष्टी फिजिओथेरपिस्टने तपासून लिहून द्याव्यात, मग फिटनेस सर्टिफिकेट. घाईने घेतलेलं सर्टिफिकेट दाव्यातही आडवं येतं. सायकल त्याच्याही नंतर, आधी मोकळ्या मैदानात, आणि कॅरिअर रिकामं ठेवून.